मूत्राशयाचा कर्करोग औषधाला दाद का देत नाही?

केमोथेरपीने आटोक्यात आलेला मूत्राशयाचा कर्करोग पुन्हा का बळावतो? वाचकहो, अशा वेळी रुग्णाने पथ्य मोडले असेल, असे सहज बोलले जाते. हा दोषारोप आम्हांला अन्यायकारक वाटतो. कारण पेशीच्या आतच दडलेले असते.

पेशीच्या पृष्ठभागावर ‘एफजीएफआर-३’ नावाचे प्रथिन असते. वाढीचा संदेश आला की अशी दोन प्रथिने जोडीने एकत्र येतात, निरोप आत पोहोचवतात आणि पेशी विभागते. मूत्राशयाच्या अनेक गाठींत या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असतो, हे १९९९ साली फ्रेंच संशोधकांनी दाखवले. सर्वाधिक आढळणाऱ्या बिघाडात प्रथिनाच्या साखळीतील २४९व्या जागी सेरीनऐवजी सिस्टीन येते. मग शेजारची दोन प्रथिने गंधकाच्या बंधाने कायमची जखडली जातात. निरोप्या आलेला नसतो, तरी दार सताड उघडे!

सिस्प्लॅटिन हे औषध डीएनएला चिकटून त्याचे धागे जखडते, आणि पेशी मरणपंथाला लागते. परंतु काही पेशी तो भाग कापून डीएनए दुरुस्त करतात, काही औषधच बाहेर फेकतात, तर काहींत ‘एकेटी’ प्रथिनाचा संदेश आत्मनाशाची आज्ञा दडपून टाकतो. दुबळ्या पेशी मरतात; चिवट उरतात व फोफावतात.

एफजीएफआरचा संदेश अडवणाऱ्या एर्डाफिटिनिब या गोळीला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. ती बळावलेल्या रोगात, आणि जनुकचाचणीत बिघाड आढळला तरच दिली जाते. ही चाचणी आपल्या रुग्णासाठी आवश्यक आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.