बेसबॉलमधील सलामीचा गडी

बेसबॉल हा अमेरिकेचा आवडता खेळ आमच्या वाचकांपैकीं थोड्यांनींच पाहिला असेल. परंतु ज्या घरांत क्रिकेटची चर्चा चालते, तेथें सलामीस कोणास पाठवावें ह्या वादाची गोडी नव्यानें सांगावयास नको. बेसबॉलमध्यें नऊ गड्यांचा क्रम सामन्यापूर्वीं ठरतो व तो संपतांच पुन्हां पहिल्यापासून सुरू होतो. तीन गडी बाद झाले कीं एक डाव आटोपला. असे नऊ डाव. म्हणजे अवघे सत्तावीस बळी, एवढेंच संघाचें भांडवल!

सामना क्रमाच्या कोणत्या जागीं संपेल हें दैवाधीन असल्यामुळें १६२ सामन्यांच्या हंगामांत प्रत्येक वरच्या जागेस खालच्या जागेपेक्षां सुमारें १८ पाळ्या अधिक मिळतात. पहिल्या गड्यास नवव्याहून १४४ अधिक. हा मान कोणास द्यावा? जुन्या व्यवस्थापकांचें उत्तर बहुधा ठरलेलें असे: जो चपळ, त्यास.

सेंट लुई संघाचा व्हिन्स कोलमन असाच चपळ होता. चेंडू टाकणाऱ्याची नजर चुकवून पुढला तळ गांठणें ह्यास तेथें चोरी म्हणतात. १९८६ सालीं कोलमननें असे १०७ तळ चोरले. प्रेक्षक खूष! पण चोरी करावयाची तरी आधीं तळावर पोंचावें लागतें, आणि हजार पाळ्यांच्या मानानें तो ३०१ वेळांच पोंचला. त्याच्या शेजारीं वॉशिंग्टनच्या एडी योस्टचें १९५६ सालचें काम ठेवून पाहावें. फटक्यांच्या सरासरींत दोघे जवळजवळ सारखेच: योस्ट हजारीं २३१, कोलमन २३२. मात्र योस्ट वाईट चेंडूस बॅट लावीत नसे. नियमाबाहेरचे चार चेंडू पडले कीं फटकेबाज फुकट पहिल्या तळावर जातो. त्या वर्षीं योस्ट असा १५१ वेळां गेला आणि हजारीं ४१२ ह्या प्रमाणानें तळावर पोंचला. लोक त्यास ‘चालणारा माणूस’ म्हणत. सातशें पाळ्यांच्या हंगामांत हा फरक सुमारें ७७ बळींचा, म्हणजे जवळजवळ तीन सामन्यांच्या भांडवलाचा होतो. कोलमनच्या चोऱ्यांची किंमत आम्ही नाकारीत नाहीं. पण ती एवढी खास नव्हे.

रिकी हेंडरसनपाशीं दोन्ही गुण होते. १,४०६ चोऱ्या, २,१९० वेळां फुकट तळ, आणि वर ८१ वेळां संघाच्या पहिल्याच पाळीस चेंडू मैदानापार! असा गडी पदरीं असल्यास वादच नको. परंतु असे गडी कोठून आणावयाचे?

फिलाडेल्फियानें २०२३ सालीं काइल श्वार्बर ह्या धिप्पाड, पायानें मंद गड्यास पुष्कळदां सलामीस पाठविलें. त्याची सरासरी हजारीं १९७. जुन्या मताच्या मंडळींनीं नाकें मुरडलीं तर नवल नाहीं. पण १२६ वेळां तो फुकट तळावर गेला, ४७ चेंडू त्यानें मैदानापार धाडले, आणि १०८ धांवा काढल्या. एवढा जोरकस फटका तळ रिकामे असतां खर्ची पडतो, हा आक्षेप पहिल्या डावापुरता खरा. पुढील डावांत क्रम कोठूनही सुरू होतो. तरी निवड आमच्या हातीं असती, तर आम्ही योस्टलाच पुढें धाडलें असतें व श्वार्बरला त्याच्या मागें.