प्लंबर आला की त्याला गच्चीवरही पाठवा

आषाढात पवनीत संडास तुंबला की दोन अडचणी एकदम उभ्या राहतात. पावसाने जमिनीतले पाणी वर आलेले असते, त्यामुळे शोषखड्डा पाणी घेत नाही. शिवाय रोवणीचे दिवस असल्याने प्लंबरही लवकर सापडत नाही, कारण मिस्त्रीकाम करणाऱ्या अनेकांची स्वतःची धानाची शेती असते. मग घरची मंडळी चार दिवस कसेबसे काढतात. पुरुष बाहेर जाऊन येतात. सुना-मुली पाणी पिणेच कमी करतात, लघवी दाबून धरतात आणि आठवड्याभराने जळजळ, थंडी-ताप घेऊन दवाखान्यात येतात. अशा रुग्णाला ‘घरचा संडास सुरू आहे ना?’ असे डॉक्टर क्वचितच विचारतात. विचारायला हवे.

शेवटी प्लंबर येतो. त्याला गळणारी फ्लशची टाकी, हलणारे भांडे, न उतरणारे पाणी असे डोळ्यांना दिसणारे दुखणे दाखवले जाते. तेवढे करून, मजुरी घेऊन तो जातो. त्याच्या हातून होऊ शकणारे आरोग्याचे सर्वांत मोठे काम मात्र त्याला कोणी सांगतच नाही, कारण ते छपराच्या वर असते.

सेप्टिक टँकमधला वायू निघून जावा म्हणून भिंतीच्या कडेने एक उभा पाइप वर नेलेला असतो. बोलीत तो ‘गॅसचा पाइप’. बहुतेक घरी त्याचे तोंड उघडेच असते आणि डासांना तो आयता रस्ता मिळतो. क्युलेक्स जातीच्या डासाची मादी घाण, साचलेल्या पाण्यातच अंडी घालणे पसंत करते. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे एका टाकीतून वर्षभर, दर आठवड्याला, डासांची नवी फौज बाहेर पडत राहते. गटारावर फवारणी झाली तरी ही फौज शाबूत राहते.

भंडारा जिल्ह्यात या गोष्टीला वेगळेच महत्त्व आहे. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा हत्तीरोगाचा पट्टा, आणि हत्तीरोगाचे जंतू एकाकडून दुसऱ्याकडे नेतो तो हाच क्युलेक्स. जंतूंची पिल्ले रात्री रक्तात फिरतात. म्हणून आरोग्य कर्मचारी रक्ताचा नमुना घ्यायला रात्री दारात येतात, आणि ‘ही काय वेळ झाली?’ म्हणून काही घरे त्यांना परतही पाठवतात. मोठे जंतू लसिकावाहिन्यांमध्ये वर्षानुवर्षे जगतात. माणूस धडधाकट दिसत असतो. पायाची सूज किंवा अंडवृद्धी पुढे कधीतरी दिसते आणि एकदा पाय जाड झाला की तो पूर्ववत होणे अवघड. मोहिमेत दिल्या जाणाऱ्या गोळ्या रक्तातली पिल्ले मारतात, म्हणून त्या घ्याव्यातच. पण गोळीने डास मरत नाही.

गोळ्या आणि संडासाची दुरुस्ती एकत्र केली तर काय होते, याचे जुने उदाहरण झांझिबारमधले आहे. मकुंदुची या गावात 1980च्या दशकात जवळपास निम्म्या लोकांच्या रक्तात हे जंतू सापडत. 1988 मध्ये तिथे लोकांना औषध दिले आणि पाणी साचलेल्या संडासाच्या खड्ड्यांत थर्माकोलचे बारीक मणी टाकले. मण्यांचा थर पाण्यावर तरंगत राहिला, अळ्यांना श्वास घेता येईना, डास कमी झाले. काही वर्षांतच रक्तात जंतू असणाऱ्यांचे प्रमाण अगदी थोड्यावर आले.

पवनीत मण्यांचीही गरज नाही. पाइपाच्या तोंडाला बारीक छिद्रांची जाळी घट्ट बांधायची, की झाले. कापडाची कुजते, नायलॉनची उन्हाने भुगा होते, स्टीलची टिकते. ती तारेने आवळावी आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर पाहावी. त्याच फेरीत टाकीच्या झाकणाची फट आणि चेंबरचा तडा सिमेंटने बुजवून घ्यावा, कारण वरचे दार बंद केले आणि खालचे उघडे ठेवले तर डास खालून जातील. प्लंबरला याला अर्धा तासही लागत नाही.

गळक्या फ्लशकडे लोक पाण्याची नासाडी म्हणून पाहतात. खरा तोटा टाकीत होतो. मैला खाली बसायला आणि कुजायला सेप्टिक टँकमध्ये पाणी दिवसभर तरी थांबावे लागते. वरून अखंड धार सुरू असेल तर अर्धवट कुजलेले पाणी पुढे ढकलले जाते आणि शोषखड्डा गाळाने भरतो. गळती ओळखणे सोपे आहे. फ्लशच्या टाकीत जिलबीत घालायचा खाण्याचा रंग टाकावा आणि अर्धा तास फ्लश करू नये. भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेला.

भांड्याखालच्या वाकड्या नळीत थोडे पाणी कायम अडून राहते. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने 1775 मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती आजही तशीच वापरात आहे. बाथरूमच्या जमिनीतही तसाच सापळा असतो. प्लंबर त्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपली न्हाणी त्या नावात आहेच. हे पाणी आटले की खालची हवा घरात येते. 2003 मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत सार्सचे तीनशेहून अधिक रुग्ण निघाले. तिथे जमिनीतले सापळे कोरडे पडल्याने मैलावाहिनीतली दूषित हवा पंख्यांनी घराघरांत ओढली गेली, असा तपासाचा निष्कर्ष होता. पवनीच्या मे महिन्यात न वापरलेल्या बाथरूमचा सापळा कोरडा व्हायला फार दिवस लागत नाहीत. आठवड्याला तांब्याभर पाणी ओतावे.

नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत आणि गोसेखुर्दच्या जलाशयात येते, हे इकडचे जुने गाऱ्हाणे. ते खरेही आहे. पण आपल्या अंगणातला शोषखड्डा विहिरीपासून किंवा बोअरपासून किती लांब आहे, हे मोजलेले घर विरळा. निदान 15 मीटर अंतर हवे. कोटाच्या आतल्या जुन्या, दाटीच्या वस्तीत ते शक्य नसेल तर पिण्याचे पाणी उकळणे किंवा क्लोरिन टाकणे सोडू नये. विषमज्वर आणि कावीळ याच वाटेने येतात. त्यातली ई प्रकारची कावीळ गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत फार घातक. चार-पाच बाधित गर्भवतींपैकी एकीचा जीव जाऊ शकतो.

दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयात आणखी एक चूक होते. मिस्त्री दोन्ही खड्डे एकाच वेळी जोडून मोकळा होतो. एका वेळी एकच खड्डा वापरायचा असतो. तो भरला की चेंबरमध्ये वाट बदलायची आणि भरलेला खड्डा दोन वर्षे झाकून ठेवायचा. मग त्यात निरुपद्रवी खत उरते. दोन्ही एकदम भरले तर ओला मैलाच हाताळावा लागतो. प्लंबरला चेंबरचे झाकण उघडून दाखवायला सांगावे.

आणि टाकीत मात्र त्याला उतरवू नये. ना त्याला, ना कोणत्याही मजुराला, वस्तू पडली म्हणूनही नाही. आतल्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण वायू जास्त असेल तर नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. दोन श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही. साधनांशिवाय असे उतरवणे 2013च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो घरमालकालाही लागू होतो. अशा मृत्यूची भरपाई ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 30 लाख रुपये केली.

टाकी दर दोन-तीन वर्षांनी यंत्रानेच उपसावी. त्यासाठी नगर परिषदेत मैला उपसणाऱ्या गाडीची चौकशी करावी. तुंबलेल्या भांड्यात आधी ॲसिड किंवा ब्लीचिंग पावडर ओतली असेल तर प्लंबरला दारातच सांगावे. दोन्ही एकत्र आल्यास विषारी क्लोरिन निघतो. ही सारी कामे एप्रिल-मे मध्ये उरकलेली बरी. तेव्हा जमिनीतले पाणी खाली गेलेले असते आणि मिस्त्रीने उन्हाळी धान लावला नसेल, तर तोही मोकळा सापडतो.