ग्रामीण महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत युनिक्ससदृश कार्यप्रणालीची उभारणी व जाळेजोडणी

प्रस्तावना :
धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यात वसलेल्या ईट या गावासारख्या ठिकाणी महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळा चालविताना दोन अडचणी प्रकर्षाने जाणवतात. पहिली जुन्या संगणकांची आणि दुसरी बेभरवशाच्या इंटरनेटची. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य समाप्त झाल्याने पहिली अडचण अधिक तीव्र झाली आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा व तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक असतो. परिणामी, सुस्थितीत असलेले अनेक संगणक भंगारात काढावेत की सुरक्षा-दुरुस्त्यांविना वापरावेत, असा प्रश्न निर्माण होतो. युनिक्ससदृश मुक्त कार्यप्रणाली हे या प्रश्नाचे व्यवहार्य उत्तर होय. प्रस्तुत लेखात अशा प्रणालीची उभारणी व तिची जाळेजोडणी यांचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी :
युनिक्स ही कार्यप्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आकारास आली. तिच्या धर्तीवर लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला, तर १९९३ मध्ये इयन मरडॉक यांनी डेबियन प्रकल्प सुरू केला.

महाराष्ट्राचा या परंपरेशी जुना संबंध आहे. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या प्रकल्पात मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र व आयआयटी मुंबई या दोन्ही संस्था सहभागी होत्या. आरंभीच्या काळात या संस्थांमधील ई-पत्रव्यवहार युनिक्सच्या यूयूसीपी या सुविधेद्वारे साध्या दूरध्वनी वाहिनीवरून होत असे. पत्रे संगणकात साठून राहत व वाहिनी जोडली गेली की पुढे जात. अखंड जोडणी नसतानाही जाळे उपयुक्त ठरते, हा त्यातील बोध ग्रामीण महाविद्यालयांना आजही लागू पडतो. राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाले आणि सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनवर आधारित ‘बॉस’ ही भारतीय भाषांना अनुकूल कार्यप्रणाली उपलब्ध केली.

प्रणालीची उभारणी :
प्रथम प्रत्येक संगणकाचा प्रोसेसर ६४ बिटचा आहे किंवा नाही, हे तपासावे. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ पासून ३२ बिटच्या संगणकांवर नव्याने उभारणी करण्याची सोय बंद झाली आहे. स्मृती २ जीबी इतकीच असल्यास एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारखे हलके दृश्य-वातावरण निवडावे.

प्रणालीची प्रतिमा-फाइल अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावी व पेनड्राइव्हवर घेण्यापूर्वी तिची पडताळणी-संख्या जुळवून पाहावी. संपूर्ण डिस्क वापरण्याचा पर्याय निवडल्यास आधीची सर्व माहिती नष्ट होते. म्हणून कार्यालयीन व विद्यार्थ्यांच्या फाइलींची प्रत अगोदर काढणे अनिवार्य आहे. डिस्कचे विभाग करताना ‘होम’ हा विभाग स्वतंत्र ठेवावा. पुढे प्रणाली पुन्हा बसवावी लागली, तर तो विभाग न पुसता विद्यार्थ्यांचे काम सुरक्षित ठेवता येते.

जाळेजोडणी :
युनिक्ससदृश प्रणालीत जाळ्याशी जोडणाऱ्या प्रत्येक दुव्यास ‘इंटरफेस’ म्हणतात. ‘एलओ’ हा इंटरफेस प्रत्यक्ष कार्डाचा नसून संगणकाने स्वतःशीच बोलण्यासाठी असतो. त्याचा पत्ता १२७.०.०.१ हा होय. पूर्वी तारेच्या पहिल्या कार्डास ‘इथ-शून्य’ असे नाव मिळे. आता बहुधा कार्डाच्या मदरबोर्डावरील स्थानावरून नाव ठरते. त्यामुळे ‘आयपी ॲड्रेस’ ही आज्ञा देऊन प्रत्यक्ष नाव पाहूनच पुढील नोंदी कराव्यात.

प्रयोगशाळेसाठी दोन जाळे-कार्डे असलेला एक संगणक सर्व्हर म्हणून निवडावा. बाहेरील कार्ड इंटरनेट पुरवठादाराच्या राउटरला व आतील कार्ड प्रयोगशाळेच्या स्विचला जोडावे. डेबियनमध्ये या नोंदी ‘ईटीसी’ निर्देशिकेतील ‘नेटवर्क’ या उपनिर्देशिकेत असलेल्या ‘इंटरफेसेस’ या साध्या मजकूर-फाइलीत करता येतात. बाहेरील कार्डास राउटरकडून डीएचसीपीद्वारे पत्ता घेऊ द्यावा. आतील कार्डास मात्र स्थिर पत्ता द्यावा, उदा. १९२.१६८.१०.१ आणि जाळेमुखवटा २५५.२५५.२५५.०. (टंकन करताना इंग्रजी अंकच वापरावेत.) या मांडणीत २५४ उपकरणांना पत्ते देता येतात.

येथे दोन चुका वारंवार घडतात. आतील व बाहेरील जाळ्यांची पत्तामालिका एकच ठेवली, तर कोणता संदेश कोठे पाठवावा, याचा निर्णय सर्व्हरला करता येत नाही. तसेच आतील कार्डाच्या नोंदीतही ‘गेटवे’ लिहिल्यास बाहेर जाण्याचे दोन मार्ग निर्माण होतात व इंटरनेट खंडित होते. गेटवे केवळ बाहेरील बाजूस असावा. विद्यार्थ्यांच्या संगणकांसाठी मात्र सर्व्हरचा आतील पत्ता हाच गेटवे होय.

यानंतर सर्व्हरवर संदेश पुढे पाठविण्याची अनुमती व पत्तारूपांतर सुरू करावे. ‘डीएनएसमास्क’ या आज्ञावलीद्वारे प्रयोगशाळेतील संगणकांना आपोआप पत्ते देता येतात. ही सेवा फक्त आतील कार्डापुरतीच मर्यादित ठेवावी. ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ बसविल्यास एकदा उतरविलेले अद्ययावतीकरण सर्व्हरवर साठते व उर्वरित संगणकांना तेथूनच मिळते. इंटरनेट मंद असलेल्या ठिकाणी हा लाभ मोठा आहे.

दोषशोधन :
जोडणी बंद पडल्यास ‘पिंग’ ही आज्ञा पुढील क्रमाने द्यावी : १) १२७.०.०.१, २) संगणकाचा स्वतःचा पत्ता, ३) गेटवे, ४) बाहेरील एखादा अंकी पत्ता, ५) एखाद्या संकेतस्थळाचे नाव. तिसऱ्या पायरीवर अडल्यास दोष बहुधा केबल, स्विच किंवा पत्त्याच्या नोंदीत असतो. चौथ्या पायरीवर अडल्यास तो सर्व्हर वा पुरवठादाराकडे शोधावा. केवळ पाचवी पायरी अडल्यास नामसेवेची नोंद तपासावी. या क्रमामुळे बाहेरील तंत्रज्ञाची वाट न पाहता प्राध्यापकांना व प्रयोगशाळा साहाय्यकांना दोषाचे स्थान निश्चित करता येते.

निष्कर्ष :
मुक्त प्रणालीचा लाभ केवळ परवाना-खर्च वाचण्यापुरता मर्यादित नाही. इंटरनेट खंडित असतानाही अंतर्गत जाळ्यावर प्रात्यक्षिके, फाइलींची देवाणघेवाण व छपाई सुरू राहते. मात्र ज्या कार्यालयीन आज्ञावली केवळ विंडोजवर चालतात, त्यांच्यासाठी एक-दोन संगणक वेगळे राखणे इष्ट ठरेल. सर्व बदल मजकूर-फाइलीत असल्याने त्यांची छापील प्रत प्रयोगशाळेच्या नोंदवहीत ठेवावी. त्यामुळे संबंधित प्राध्यापकाची बदली झाली, तरी जाळ्याचे ज्ञान महाविद्यालयातच राहील. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील मराठी पाठांचा यासाठी उपयोग होऊ शकेल. ज्या प्रयोगशाळेचे जाळे तेथील शिक्षक व विद्यार्थी स्वतः उभारतात, ती प्रयोगशाळा हेच त्यांच्या अभ्यासाचे सर्वांत जवळचे साधन होय.