भांगेच्या कुलपाचा माग

1 जुलै 1998 ला वाशीम अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला. त्या सुमारास मेंदूच्या पुस्तकांतही भांग ज्यांना चिकटते त्या रिसेप्टरांची, म्हणजे पेशींवरच्या कुलपांची, एक सोपी वाटणी झालेली होती : सीबी-1 मेंदूचा, सीबी-2 मेंदूबाहेरचा. जिल्ह्याची हद्द टिकली, पुस्तकांतली नाही.

महाशिवरात्रीच्या भांगेची नशा आपल्याकडे सगळ्यांना माहीत. ती नेमकी कुठे चढते, हे कळायला फार वेळ लागला. 1839 मध्ये कलकत्त्यात ओ'शॉनेसी या डॉक्टरने गांजाचा अर्क धनुर्वातावर वापरून पाहिला. 1964 मध्ये इस्रायलमध्ये मेकूलम आणि गाओनी यांनी नशेचा घटक, टीएचसी, वेगळा काढला. 1990 मध्ये तो ज्या रिसेप्टरला चिकटतो, त्या सीबी-1 चा जनुक हाती आला. दोनच वर्षांनी डुकराच्या मेंदूत शरीराचे स्वतःचे तसले रसायन सापडले. नाव ठेवले आनंदामाइड, संस्कृत 'आनंद'वरून. कुलूप मूळचे याच रसायनासाठी. भांगेची किल्ली योगायोगाने बसली.

1993 मध्ये केंब्रिजच्या मन्रो यांना सीबी-2 सापडला, तो रक्ताच्या पेशींत. प्लीहेतही होता. मेंदूत नाही, असेच मग धरले गेले. पण मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. शांत असताना त्यांच्यावर सीबी-2 जेमतेम. सूज आली की वाढतो. 2003 मध्ये माद्रिदच्या संशोधकांनी अल्झायमरच्या मृत रुग्णांच्या मेंदूत तो नेमका या आजारात साचणाऱ्या गाठींभोवतीच्या पेशींत दाखवला. हा रिसेप्टर चेतवला की मायक्रोग्लियाचा दाहक रसायनांचा मारा कमी होतो आणि नशाही चढत नाही, कारण नशेचे दार सीबी-1. औषध शोधणाऱ्यांना आणखी काय हवे?

पण हे बहुतेक प्रयोगशाळेतले, उंदरांतले. ब्रिटनमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदूत सूज येणाऱ्या आजाराच्या सुमारे 500 रुग्णांना सीबी-2 लाही चिकटणारे टीएचसी देऊन पाहिले; 2013 मध्ये निकाल आला, आजाराची चाल मंदावली नव्हती.

आपल्या विदर्भाला मेंदूची सूज वेगळ्याच नावाने ठाऊक आहे : चांदीपुरा. नागपूर जिल्ह्यातल्या त्या गावावरून 1965 मध्ये सापडलेल्या विषाणूला हे नाव पडले आणि 2003 मध्ये त्याने आंध्र, महाराष्ट्रात कितीतरी पोरं नेली. तिथे सूज ही विषाणूशी झुंजही असते. ती कधी दाबायची, हा प्रश्न सीबी-2 सापडल्याने सुटलेला नाही. आणि शिवरात्रीच्या पेल्यातली भांग दोन्ही दारे एकदमच ठोठावते.