यंत्रमानवाचे पुनर्मुद्रण

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्राची ख्याती लोखंडाची आहे. मेट्रोच्या स्थानकावर उतरून आतल्या रस्त्याला लागले, की लेथवर कातल्या जाणाऱ्या धातूचा कर्कश नाद आणि तापलेल्या तेलाचा वास यांतून वाट काढीत जावे लागते. आणि अशाच एका रांगेत, दातेरी चाके कापणाऱ्या कारखान्याला भिंत लावून, ऑफसेट छपाईचा जो एक छापखाना उभा आहे, तेथे यंत्रमानवाच्या एका जुन्या चित्रमालिकेचे विखुरलेले अंक ग्रंथरूपाने छापण्याचे काम चालू असता ते जवळून पाहण्याची मुभा मला मिळाली. ग्रंथ बाजारात येईपर्यंत मालिकेचे नाव फोडू नये असा तेथील दंडक आहे, तो मी पाळतो.

अशा कामाचे प्रसिद्ध दाखले मात्र पुष्कळ आहेत. अमेरिकेत गोल्ड कीने १९६३ साली काढलेल्या ‘मॅग्नस, रोबॉट फायटर’ या मालिकेचा नायक इसवी सन ४००० मधला; एका सुबुद्ध यंत्रमानवानेच वाढविलेला, आणि तरीही बिघडलेल्या यंत्रांच्या पोलादी माना नुसत्या हाताच्या फटक्याने उडविणारा. रस मॅनिंगने चितारलेले तिचे पहिले २१ अंक डार्क हॉर्सने पुढे तीन भारदस्त खंडांत पुन्हा छापले, आणि वाचून रद्दीत घालण्याच्या लायकीचा मानला गेलेला कागद पुठ्ठाबांधणीच्या प्रतिष्ठेला पोचला.

ती प्रतिष्ठा कशी प्राप्त होते, हे पीण्यातल्या त्या छापखान्याच्या संगणक-दालनात दिसते. मूळ चित्रे व फिल्मा गहाळ झालेल्या असल्या, म्हणजे जुना छापील अंकच अस्सल दस्तऐवज मानावा लागतो. पण त्या अंकातला रंग हा मुळात ठिपक्यांच्या जाळीचा बनलेला असल्यामुळे, त्याचे जसेच्या तसे प्रतिबिंब घेऊन नवी जाळी वर चढविली, की दोन जाळ्यांच्या संकराने पानभर लाटांसारखी अनाहूत नक्षी उमटते. म्हणून काळी रेषा तेवढी सूक्ष्म प्रतीने वेगळी काढून घेतात, आणि रंग जुन्या पानाच्या साक्षीने नव्याने भरतात. मी पाहत होतो ते पान यंत्रमानवाच्या खांद्याचे होते. जुन्या छपाईत तांबडा रंग काळ्या रेषेपासून केसभर डावीकडे सरकल्यामुळे प्रत्येक रिव्हेटच्या उजव्या कडेला पांढरी कोर राहिली होती. पडद्यापुढे बसलेल्या मुलीने ती निमूटपणे भरून टाकली, आणि ते मला योग्यच वाटले, कारण ती कोर कोणी काढलेली नव्हती, ती यंत्राची चूक होती. पण त्याच यंत्रमानवाच्या डोक्यावरील अँटेनाच्या टोकाशी कुंचला कोरडा पडून रेषा विस्कटली होती, आणि धूळ पुसण्याच्या स्वयंचलित आज्ञेने ते विस्कटलेले केस साफ उडविले होते. तिने ती आज्ञा मागे घेतली व धुळीचे कण एकेक करून टिपले. या कामातले सारे कसब, माझ्या मते, एवढ्या विवेकात साठवलेले आहे; जे चित्रकाराच्या हातचे ते राहिले पाहिजे, जे छापखान्याच्या हातून घडले ते जाण्यास हरकत नाही. चित्रकारच हयातीत फेरफार करू लागला, तर मात्र हा न्यायही लंगडा पडतो: १९५२ साली अवतरलेल्या ‘ॲस्ट्रो बॉय’च्या संग्रहांसाठी ओसामू तेझुका आपलीच जुनी पाने बदलीत असे.

प्लेटांच्या खोलीत शिवकाशीचा एक कारागीर भेटला. ब्रिटनच्या ‘लायन’ साप्ताहिकात १९५२ सालीच जन्मलेला रोबॉट आर्ची त्याच्या गावच्या लायन कॉमिक्समधून तामिळ बोलू लागला होता, आणि तो त्याने लहानपणी वाचला होता. संवादाची अक्षरे फक्त काळ्या प्लेटवर असतात, त्यामुळे तीन रंगांच्या प्लेटा कायम ठेवून चौथी बदलली की तोच यंत्रमानव दुसरी भाषा बोलतो, हे त्याने दोन प्लेटा उजेडाकडे धरून मला दाखविले.

यंत्रावर बेळगावकडचा गडी होता. पहिले ताव निघताच त्याने रंगांची जुळणी दाखविणाऱ्या कोपऱ्यातल्या फुल्यांवर भिंग टेकवले आणि म्हणाला, “मॅजेंटा सरकलंय बघा की ओ, जरा आत घ्याय पायजे.” साठ वर्षांपूर्वीची जी चूक आत पडद्यावर भरून काढली होती, तीच येथे नव्याने उभी राहू पाहत होती, त्याने चाकाला किंचित वळण दिले आणि फुल्या जुळल्या.

वाद झाला तो कागदावरून. जुने रंग शाई पिणाऱ्या हलक्या कागदाच्या हिशेबाने ठरविलेले असतात. तेच प्रमाण गुळगुळीत आर्ट पेपरवर घातले, की यंत्रमानवाचे करडे पोलाद झगझगीत होते आणि आकाश डोळ्यांत घुसते. व्यवस्थापकांना चकचकीत कागद हवा होता, कारण गिऱ्हाईक ‘छपाई फिकी’ म्हणून तक्रार करते; अखेर बिनचकाकीचा, किंचित पिवळसर कागद मंजूर झाला. त्यापाठोपाठ बांधणीचा प्रश्न आला. मूळ अंक मधोमध पिना मारलेले, सपाट उघडणारे. त्यांचे चित्र थेट घडीपर्यंत जाई. जाड ग्रंथाची पाठ नुसत्या गोंदाने चिकटवली असती, तर दोन पानांवर पसरलेल्या यंत्रमानवाची छाती त्या घळीत गडप झाली असती. तेव्हा फॉर्मे दोऱ्याने शिवण्याचे ठरले, आतला समास वाढविण्यात आला, आणि त्यापायी वाढलेल्या खर्चाचा आकडा मुकादमाने नाखुशीनेच वहीत मांडला.