यंत्रमानवाची पत्रमैत्री

आमच्या लहानपणी पत्रमैत्रीचे मोठे वेड होते. मीही जपानमधल्या एका मुलाला तीन पत्रे लिहिली. पहिल्यात माझे नाव, वय आणि इयत्ता. दुसऱ्यात 'आंबा हे आमच्याकडचे फार गोड फळ आहे' ही माहिती. तिसऱ्यात 'तुझे पत्र का आले नाही?' ही विचारणा. चौथे पत्र लिहायला काही कारणच उरले नाही. त्याच्या पाकिटावरची तिकिटे तेवढी अजून माझ्या वहीत चिकटलेली आहेत.

गेल्या वर्षी हे सारे आठवायला निमित्त झाले माझ्या नातीचे. ती सातवीत होती. तिच्या शाळेची इंग्लंडमधल्या एका लहानशा गावच्या शाळेशी जोडी जमली होती. आता पोस्टमनची वाट पाहायला नको. इथे दुपारचे अडीच वाजले की तिथे सकाळचे नऊ होतात, मग संगणकाच्या पडद्यावर दोन्ही वर्ग एकमेकांना पाहू शकतात. पहिल्या दिवशी मुले नटूनथटून बसली. 'माझा आवडता रंग निळा', 'माझ्याकडे एक मांजर आहे' असे बोलणे झाले. महिनाभराने दिवाळीची भेटकार्डे गेली, तिकडून आभार आले, आणि मग सारे सामसूम!

"काय गं, तुझी मैत्रीण काय म्हणते?" मी विचारले.

"काय म्हणणार, आजोबा? मांजराचं नाव सांगून झालं," नात म्हणाली.

वाचकहो, साधन बदलले, वेग बदलला, पण गत तीच! कारण दोष टपालाचा नव्हताच. दोघांनी मिळून करायचे असे काही काम नसेल तर सभ्यपणाच्या चार वाक्यांवर मैत्री किती दिवस चालणार?

एक चिमुकली गाडी

नातीच्या बाईंच्या हे ध्यानात आले असावे. त्यांनी तिकडच्या शिक्षकांशी बोलून एक नवाच उद्योग काढला. दोन्ही वर्गांनी एकेक यांत्रिक गाडी तयार करायची. दोन चाके, दोन मोटरी, मध्यभागी खोचलेले एक स्केचपेन आणि वर मेंदू म्हणून 'मायक्रोबिट' नावाची एक पट्टी. ही पट्टी जेमतेम चार सेंटिमीटर रुंद आणि पाच सेंटिमीटर लांब. तिच्यावर पंचवीस बारीक दिवे, दोन बटणे आणि दिशा व कल ओळखणारी इंद्रिये. ब्रिटनमध्ये बी.बी.सी.ने पुढाकार घेऊन २०१६ साली सातव्या वर्षाच्या, म्हणजे अकरा-बारा वर्षांच्या मुलांना अशा सुमारे दहा लाख पट्ट्या फुकट देण्याचा उपक्रम केला होता. या पट्टीला काय करायचे ते संगणकावर रंगीत ठोकळे जुळवून सांगायचे. यालाच हल्लीची मुले 'कोडिंग' म्हणतात.

खेळ असा, की एका देशातल्या मुलांनी आकृतीसाठी हुकूम लिहायचे आणि दुसऱ्या देशातल्या गाडीने ते पाळून कागदावर आकृती काढायची. आकृती काय असेल ते आधी सांगायचे नाही.

ही कल्पना तशी आजची नाही. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले सीमोर पॅपर्ट हे गणिती पुढे जिनीव्हाला झाँ पियाजे या बालमनाच्या थोर अभ्यासकाबरोबर राहिले आणि नंतर अमेरिकेत एम.आय.टी.त गेले. १९६७ साली त्यांनी वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्यासह मुलांसाठी 'लोगो' ही संगणकाची भाषा घडवली. थोड्याच काळात तिच्या हुकमावर चालणारे एक यांत्रिक 'कासव' आले. 'पुढे जा', 'उजवीकडे वळ' असे सांगावे आणि कासवाने जमिनीवर रेघ काढीत जावे. पॅपर्ट यांचे म्हणणे असे, की मूल संगणकाला शिकवता शिकवता स्वतः शिकते. आणि हुकूम चुकला तर ती लाज वाटण्याची गोष्ट नाही, शोधून काढण्याची गोष्ट आहे. पुढे त्याच एम.आय.टी.तल्या मिचेल रेस्निक यांच्या गटाने २००७ साली 'स्क्रॅच' ही ठोकळ्यांची भाषा जगापुढे ठेवली. तिची गंमत अशी, की एका मुलाने आपल्या भाषेत रचलेले ठोकळे दुसऱ्या मुलाला त्याच्या भाषेत वाचता येतात. साठांहून अधिक भाषांची ही सोय आहे. दोन देशांतल्या मुलांना याहून चांगला दुभाषी कोठे मिळायचा?

आजीची शिकवणी

आमच्या मुलांनी ठरवले, दिवाळी आहे तर रांगोळीच पाठवायची. त्यासाठी नातीने आजीला धरले.

"आजी, रांगोळी काढताना हात कुठे आणि किती वळवतेस?"

"अगं, किती म्हणजे? वळतो तेवढा वळवते!" आजीने हात फिरवून दाखवला.

"असं गाडीला कळत नाही. तिला आकडा लागतो."

मग दोघी अंगणात बसल्या. आजीने खडूने एक चौकोन काढला, त्याच कोपऱ्यावर जरा तिरका दुसरा, मग तिसरा. आठव्या चौकोनाला फूल पुरे झाले. नातीने कंपासपेटीतला कोनमापक लावून पाहिला आणि एकदम ओरडली, "पंचेचाळीस!" गोष्ट उघडच होती: पूर्ण फेरी ३६० अंशांची, तिचे आठ भाग केले की प्रत्येक भाग ४५ अंशांचा. चाळीस वर्षे रांगोळी काढूनही आजीला हा आकडा माहीत नव्हता आणि भूमितीत गुण मिळवूनही नातीला हा आकडा अंगणात सापडेल असे वाटले नव्हते. हुकूम तयार झाला: 'चौकोन काढ, ४५ अंश वळ, असे आठ वेळा कर.'

तिकडच्या मुलांनी नाताळची पाच टोकांची चांदणी पाठवली. तिच्या प्रत्येक टोकाशी गाडीने १४४ अंश वळायचे होते. आमच्या मुलांचा आधी विश्वासच बसेना. चांदणीचे टोक तर ३६ अंशांचे! मग कोणी तरी खडूच्या रेघेवर स्वतः चालून पाहिले, तेव्हा उमगले की दिसणारा कोन वेगळा आणि चालणाऱ्याला वळावा लागणारा कोन वेगळा. दोन्ही मिळून १८० होतात. फळ्यावर दहादा सांगूनही जे डोक्यात शिरत नाही ते पायांनी पाच मिनिटांत शिकवले!

फूल बिघडले

आणि मग फजिती झाली. पडद्यावर सारा वर्ग डोळे लावून बसलेला. इंग्लंडमधली गाडी चालू लागली आणि रांगोळीच्या फुलाऐवजी कागदावर वेडावाकडा गुंता उमटला. चौकोनाची कड जुळेना की फूल मिटेना. आमच्या गाडीने त्यांची चांदणी काढली तीही तशीच फाटकी.

येथून खरी पत्रमैत्री सुरू झाली. दुसऱ्या दिवसापासून प्रश्नांची रीघ लागली. तुमचे चाक केवढे? आमचे साडेसहा सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे वीस सेंटिमीटर जाते. तुमच्या बॅटऱ्या नव्या की वापरलेल्या? तुमची गाडी सरळ जाताना डावीकडे ओढते का? मांजराचे नाव विचारून संपले होते; चाकाची विचारपूस काही संपेना.

नातीच्या वर्गात एक मुलगा आहे. इंग्रजीच्या तासाला तो नेहमी मान खाली घालून बसायचा. त्याच्या वडिलांचे सायकलदुरुस्तीचे दुकान. सगळे हुकूम पुन्हापुन्हा तपासत होते तेव्हा त्याने एवढेच विचारले, "त्यांच्या वर्गात खाली काय आहे?" बाई म्हणाल्या, "तूच लिही." त्याने दोन ओळी लिहिल्या. व्याकरण मोडके होते; बाईंनी ते तसेच पाठवले. उत्तर आले: गालिचा! आमची गाडी शहाबादी फरशीवर सुळ्ळकन धावत होती आणि त्यांची कागदाखालच्या मऊ गालिच्यावर रुतत होती. हुकमात मुलांनी 'एक सेकंद पुढे' असे लिहिले होते. पण एका सेकंदात फरशीवर होणारी चाल आणि गालिच्यावर होणारी चाल एक कशी असेल?

उपायही मुलांनीच काढला. हुकूम सेकंदांत न लिहिता सेंटिमीटरांत आणि अंशांत लिहायचे. आपली गाडी आपल्या जमिनीवर एका सेकंदात किती जाते आणि किती वळते, ते ज्याने त्याने मोजून गाडीला एकदा सांगून ठेवायचे. हुकूम सामाईक, त्याचे भाषांतर ज्याचे त्याने करायचे. मोठमोठे संगणकतज्ज्ञ हेच तत्त्व वापरतात, असे मला नंतर कळले. चौथ्या खेपेला फूल मिटले. अगदी सुबक नव्हे, पण फूल होते. तिकडच्या मुलांनी टाळ्या पिटल्या. इकडे तो सायकलवाल्यांचा मुलगा उभा राहून इंग्रजीत काही तरी बोलला आणि कोणी हसले नाही.

यंत्र भीड धरीत नाही

मला यातले मर्म असे दिसते. माणूस भिडेखातर 'छान, छान' म्हणतो. यंत्राला भीड नाही. हुकूम चुकला की आकृती चुकते, आणि चूक कोणाची हे शोधायला पलीकडचा माणूस लागतोच. त्याच्या जमिनीवर काय अंथरले आहे ते त्याच्यावाचून कोण सांगणार? म्हणजे परदेशातला सोबती येथे शोभेचा राहत नाही, गरजेचा होतो; आणि गरज असली की मूल परकी भाषाही आपणहून बोलू लागते. युरोपीय आयोगाने २००५ साली 'ई-ट्विनिंग' या नावाने शाळांच्या जोड्या जमवण्याची व्यवस्था सुरू केली, तीत पत्रव्यवहारापेक्षा सामाईक प्रकल्पावर भर आहे तो उगीच नव्हे.

याचे भव्य रूप पाहायचे तर जुलै २०१७ मध्ये वॉशिंग्टनला भरलेला यंत्रमानवांचा जागतिक सामना आठवावा. डीन केमन या संशोधकाच्या पुढाकाराने 'फर्स्ट ग्लोबल'ने तो भरवला होता. प्रत्येक देशाचा एकच चमू, आणि दीडशेहून अधिक देश! पण नियम मोठा मार्मिक: तीन देशांनी मिळून दुसऱ्या तीन देशांशी खेळायचे आणि पुढच्या सामन्याला भिडू बदलायचे. आता जो प्रतिस्पर्धी तोच संध्याकाळी सोबती. निळे चेंडू म्हणजे पाणी आणि नारिंगी म्हणजे त्यातली घाण. यंत्रांनी ती निवडायची. त्या सामन्यात मुंबईच्या मुलांच्या भारतीय चमूने अभियांत्रिकी रचनेसाठी सुवर्णपदक आणि सामन्यांत कांस्यपदक मिळवले, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट.

मात्र साऱ्यांच्या मनात राहिल्या त्या अफगाणिस्तानातल्या हेरात शहराच्या सहा मुली. त्यांना दोनदा व्हिसा नाकारला गेला होता. जगभर ओरड झाली, तेव्हा कोठे ऐन वेळी प्रवेश मिळाला. त्यांना धैर्याबद्दल रौप्यपदक देण्यात आले. चारच वर्षांनी, २०२१ मध्ये, त्यांच्या देशात तालिबानची सत्ता आली आणि मोठ्या मुलींच्या शाळांची दारे बंद झाली. यंत्राला आपला-परका कळत नसला तरी माणसांच्या दारांना कड्या असतात, हे या गोष्टीत विसरून चालत नाही.

पालकांनो, जरा जपून

आणखी एक सांगायला हवे. हे वाचून लगेच खिशात हात घालू नका. मध्यंतरी एका शिकवणीवाल्या कंपनीने आमच्या घरी इतके फोन केले, की नातीने कोडिंग शिकले नाही तर तिचे आयुष्य वाया जाणार अशी सूनबाईंची खात्रीच पटत आली होती. तसे काही नसते. पॅपर्टच्या कासवाचा खेळ एक पैसाही न खर्चता खेळता येतो: एका मुलाने डोळे बांधून कासव व्हावे, दुसऱ्याने हुकूम द्यावेत.

साधनेही पूर्वीइतकी दुर्मीळ राहिलेली नाहीत. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून देशभर दहा हजार शाळांत 'अटल टिंकरिंग लॅब' उभारल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही माध्यमिकपूर्व वर्गांत कोडिंगचा उल्लेख आहे. तुमच्या मुलांच्या शाळेत अशी खोली असेल तर एवढेच विचारा: तिचे कुलूप रोज उघडते का? आणि तेथे झालेली चूक मुले कोणाला दाखवतात? परदेशातली शाळा मिळाली तर उत्तम. न मिळाली तर विदर्भातल्या शाळेने कोकणातल्या शाळेला हुकूम पाठवावेत. साने गुरुजींनी आंतरभारतीचे स्वप्न पाहिले होते. त्याला हे एक नवे साधन समजावे.

यंदा नात आठवीत गेली आहे. परवा तिकडून पत्र आले: तुमच्या आजी ठिपक्यांची रांगोळी काढतात म्हणे, तिचे हुकूम कसे लिहायचे? आजीने चष्मा लावून ते दोनदा ऐकले आणि म्हणाली, "त्यांना म्हणावं, आधी ठिपके सरळ रेषेत घालायला शिका. मग पुढचं सांगते." नातीने ते तसेच्या तसे लिहून पाठवले आहे. उत्तराची वाट आम्ही तिघेही पाहत आहोत.