मलकापूर ते मॉस्को : पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी

बुलढाणा शहराला अजून रेल्वे नाही. गाडी पकडायची तर घाट उतरून मलकापूर गाठायचं. अशा गावचा माणूस मॉस्कोत पोचतो, तेव्हा त्याच्या पायाखाली १९३५ पासूनची मेट्रो धावत असते. ‘पार्क पोबेदी’ स्थानक जमिनीखाली ८४ मीटरवर आहे. तिथला सरकता जिना १२६ मीटर लांब, उतरायलाच तीनेक मिनिटं लागतात. उजवीकडे उभं राहायचं आणि डावी बाजू घाईतल्या लोकांना मोकळी सोडायची. आपल्या सवयीने तिघं-चौघं गप्पा मारत आडवे उभे राहिलात, तर मागून कुणीतरी खडसावणारच.

आपल्याकडून तिकडे जातात ते एक तर सहल कंपनीबरोबर, नाहीतर डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरांना भेटायला. सहलवाल्यांचं सगळं कुणीतरी बघतं. एकटा गेलेला माणूस मात्र अडतो, आणि तो थंडीने किंवा भाषेने नव्हे, पैशाने आणि कागदाने.

मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातला कारभार थांबवला. तेव्हापासून आपल्या बँकेची ही कार्डं तिथे चालत नाहीत. ना हॉटेलात, ना एटीएममध्ये. म्हणून रोख डॉलर किंवा युरो न्यायचे, नोटा कोऱ्या आणि शिक्का न मारलेल्या. एरवी परदेशी जाताना रोख चलनाला दर खेपेस ३,००० डॉलरची मर्यादा असते. रशियासाठी रिझर्व्ह बँकेने ती ठेवलेली नाही, ही गोष्ट चलन बदलून देणाऱ्यालाही कधी कधी सांगावी लागते. १०,००० डॉलरपेक्षा जास्त रक्कम असेल तर तिथल्या सीमाशुल्क खात्याला लेखी कळवावं लागतं. रुबल बँकेतच घ्यावेत, पासपोर्ट जवळ ठेवून.

भारतीयांना ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हिसा मिळतो. विमानतळावर हातात पडणारं मायग्रेशन कार्ड परत निघेपर्यंत जपा. हॉटेलात उतरलात तर तुमची नोंदणी हॉटेल करतं. मुलाच्या खोलीवर राहणार असाल तर यजमानाने सात कामकाजी दिवसांत ती करायची असते. ‘बघू, करू’ म्हणणाऱ्या घरमालकावर विसंबू नका.

मेट्रोत आवाज ऐका. गाडी शहराच्या मध्याकडे निघाली असेल तर घोषणा पुरुषाच्या आवाजात होते, बाहेर निघाली असेल तर बाईच्या. मॉस्कोकर गमतीने सांगतात, साहेब कामावर बोलावतो, बायको घरी. खरी फसगत नावांत आहे. एकमेकांना जोडलेल्या स्थानकांनाही बऱ्याचदा मार्गागणिक वेगळं नाव असतं. लेनिन ग्रंथालयापाशी तर अशी चार स्थानकं एकत्र येतात. उलट ‘अर्बात्स्काया’ नावाची स्थानकं दोन आहेत, दोन वेगळ्या मार्गांवर. तेव्हा पत्ता विचारताना स्थानकाबरोबर मार्गाचा रंगही विचारा. शहराच्या मध्यभागी फोनवरचा नकाशा भरकटतो. हॉटेलचा पत्ता रशियन लिपीत कागदावर लिहून खिशात ठेवा.

पाट्या वाचता येतात, थोडा सराव हवा. इंग्रजी पीसारखं अक्षर ‘र’, एच म्हणजे ‘न’, सी म्हणजे ‘स’. एवढ्यावर अर्धी मेट्रो वाचून होते.

शाकाहाऱ्यांनी ‘स्तलोवाया’ शोधावी. ही साधी खानावळ. पदार्थ समोर मांडलेले, बोट दाखवायचं आणि ताट पुढे सरकवायचं. बोर्श्च बिटाचं असलं तरी बहुतेकदा मांसाच्या रश्शात शिजतं, आणि नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर मासा ताटात येऊ शकतो. जवसाची चटणी सोबत असू द्या.

अण्णाभाऊ साठे १९६१ साली तिकडे गेले. स्टालिनग्राडचा पोवाडा त्यांनी त्याआधीच, महायुद्धाच्या काळात रचला होता. ‘माझा रशियाचा प्रवास’ हे त्यांचं पुस्तक छोटं आहे. माझ्या मते कोणत्याही प्रवास-मार्गदर्शिकेच्या आधी ते वाचावं. अर्थात निमंत्रित पाहुण्याची सोय यजमान बघतो, आज आपली आपणच बघायची. मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात सप्टेंबर २०२२ मध्ये अण्णाभाऊंचा पुतळा बसवला गेला. सहलीच्या यादीत तो बहुधा नसतो. आग्रह धरून जा.

शेवटी एक विनंती, खास करून तरुण पोरांच्या घरच्यांना. युक्रेनमधलं युद्ध सुरू झाल्यापासून नोकरीच्या नावाखाली भारतीय तरुणांना रशियन सैन्यात ओढल्याच्या घटना घडल्या आहेत, आणि परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल वारंवार सावध केलं आहे. गावात कुणी दलाल मॉस्कोत ‘हेल्पर’ची जागा आणि भरघोस पगार सांगत आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.